युद्धाला हात वर केला तोच देशभक्त? त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, मग ऐरोलीच्या बहिणीने पाठवला, मग माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, आणि काल तर जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींच्या मुलाने मोबाइल पुढे केला की मॅडम, हे खरंय का हो. अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलंय मी, त्यामुळे लोक विचारतात, आणि पोरांनी विचारलं की मला "असेल बाई" म्हणून पुढे जाता येत नाही. म्हणून बसून लिहितेय, लांब होईल, पण नीट वाचा.

मेसेज थोडक्यात असा. युद्धाचा प्रश्न आला की जगातल्या प्रत्येक मोठ्या देशाची संसद एकमुखाने हात वर करते. जो विरोधात मत देतो त्याला जनता पुढच्या निवडणुकीत घरी बसवते. आपल्याकडे ६२ साली एकाही खासदाराने प्रश्न विचारला नाही, सगळे सरकारच्या मागे उभे राहिले. आता तर मोबाइल आहेत, जनतेचा पोल घ्या आणि खासदाराने त्याप्रमाणे मत द्यावं. आणि लढाई चालू असताना प्रश्न विचारणं म्हणजे जवानाच्या पाठीत खंजीर. शेवटी तिरंगा, आणि ठाणे, कल्याण, मावळच्या खासदारांना टॅग करून "युद्धाला हो की नाही" विचारा असं आवाहन.

आधी एक सांगते. हे लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात डोंबिवलीचे तिघे होते, पनवेलचे एक होते. आपल्याच लाइनवरची माणसं, आपल्यासारखीच उन्हाळ्याच्या सुट्टीत फिरायला गेलेली. त्या आठवड्यात लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवरूनसुद्धा कोणी कोणाशी भांडत नव्हतं, बायका नुसत्या बसून होत्या. मलाही तेव्हा वाटत होतं की आत्ताच्या आत्ता काहीतरी करा, काय वाट्टेल ते करा. तर मी हे लांबून, थंड डोक्याने बघून लिहितेय असं कोणी समजू नका. पण राग खरा असला म्हणून त्याच्या आधारावर लिहिलेलं सगळं खरं होत नाही, आणि या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासलं की पायाच सापडत नाही.

"प्रत्येक मोठ्या देशाची संसद एकमुखाने हात वर करते."

अमेरिकेचंच घेऊ, कारण तिथे युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेने संसदेला, म्हणजे त्यांच्या काँग्रेसला दिलाय, त्यामुळे मतांची मोजदाद लेखी आहे. १८१२ ला ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा हाऊसमध्ये, म्हणजे त्यांच्या खालच्या सभागृहात, ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १९ विरुद्ध १३. पहिल्या महायुद्धात उतरताना, १९१७ ला, सिनेटमधले ६ आणि हाऊसमधले ५० जण विरोधात. १९९१ च्या आखाती युद्धाला सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७, म्हणजे तिघांनी बाजू बदलली असती तर ठराव पडला असता. २००२ ला इराकवर हल्ल्याची परवानगी देताना हाऊसमध्ये १३३ आणि सिनेटमध्ये २३ जण "नाही" म्हणाले. ब्रिटनमध्ये मार्च २००३ ला त्याच इराकसाठी वोटिंग झालं, ४१२ विरुद्ध १४९, आणि सरकारला विरोध करणाऱ्यांत पंतप्रधान ब्लेअर यांच्या स्वतःच्या लेबर पार्टीचेच ऐंशीहून जास्त खासदार होते. रॉबिन कुक तर मंत्रिपद सोडून सभागृहात बोलायला उभे राहिले. पुढे २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा विषय आला तेव्हा २८५ विरुद्ध २७२ ने सरकारच हरलं आणि पंतप्रधानांनी गपचूप मान्य केलं. ही काय लहानसहान राष्ट्रं नाहीत.

जवळजवळ एकमत झालं असे प्रसंगही आहेत, ते लपवायचं कारण नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ० आणि हाऊसमध्ये ३८८ विरुद्ध १. पण याच हाऊसने चार महिने आधी, ऑगस्टमध्ये, सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवायचा कायदा फक्त एका मताने मंजूर केला होता, २०३ विरुद्ध २०२! माणसं तीच, देशप्रेम तेच. बदललं काय, तर बॉम्ब पडले. म्हणजे एकमत होतं ते स्वतःच्या घरावर हल्ला झाल्यावर, आणि ते साहजिक आहे, त्या दिवशी मी तिथे असते तर मीही हात वर केला असता.

पण दुसरा प्रकार बघा. ऑगस्ट १९६४, व्हिएतनाम. टॉंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं अमेरिकन सरकारने सांगितलं. हाऊसमध्ये ४१६ विरुद्ध ०. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मेसेजवाल्याला हवं तसं एकमत. नंतर बाहेर आलं की त्यातला दुसरा हल्ला, ज्याच्यावरून सगळं रान पेटलं होतं, तो झालाच नव्हता. त्या ठरावावर विसंबून पुढची वर्षानुवर्षं युद्ध चाललं, ५८ हजारांहून जास्त अमेरिकन जवान मेले आणि व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी. १९७१ ला काँग्रेसने तो ठराव रद्द केला, पण मेलेली माणसं काय रद्द होऊन परत येणार? एकमताने दिलेलं मत खोट्या माहितीवर दिलेलं असू शकतं, हे मी दहावीच्या मुलांना सांगायचे तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा.

"विरोधात मत देणाऱ्याला जनता घरी बसवते."

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फिरतं. टॉंकिनला नाही म्हणणारे ते दोन सिनेटर, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, दोघेही १९६८ ला हरले. पर्ल हार्बरनंतर एकटीने नाही म्हणणाऱ्या जेनेट रँकिन. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई ती, १९१७ लाही नाही म्हणाली होती आणि १९४१ लाही. त्या दिवशी लोक तिच्या अंगावर धावून आले, टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून तिला वाट बघावी लागली आणि पोलिसांनी ऑफिसपर्यंत पोचवलं. पुढच्या निवडणुकीला ती उभीच राहिली नाही. त्या एका मताबद्दल तिचं चुकलं असं मला वाटतं, हल्ला झाल्यावर लढायला नाही कसं म्हणणार. पण गद्दार? पुढे ही बाई गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करायला कितीतरी वेळा भारतात येऊन गेली आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी, जानेवारी १९६८ ला, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो बायकांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनमध्ये चालली. आयुष्यभर एकच गोष्ट धरून बसणाऱ्या माणसाला तुम्ही चुकीचं म्हणू शकता, विकाऊ म्हणू शकत नाही.

आणि आता उरलेलं अर्धं. १९१७ ला नाही म्हणणारे सिनेटर ला फॉलेट, त्यांना सिनेटमधून हाकलायची मागणी झाली होती, १९२२ ला प्रचंड मतांनी परत निवडून आले. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, लष्करी कारवाईला परवानगी देणाऱ्या ठरावावर हाऊसमध्ये ४२० विरुद्ध १ झालं, त्या एकट्या बार्बरा ली होत्या, कॅलिफोर्नियाच्या. जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलिस संरक्षण द्यावं लागलं. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मतदारांनी त्यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं देऊन परत पाठवलं, नंतर २०२५ पर्यंत त्या हाऊसमध्येच होत्या. त्या म्हणत होत्या काय, तर हा ठराव फार मोकळा आहे, कोणाशी लढायचं, कुठे, किती दिवस, काहीच लिहिलेलं नाही. झालं तेच. त्या साठ शब्दांच्या ठरावावर अफगाणिस्तानात वीस वर्षं गेली आणि तोच ठराव पुढे येमेन, सोमालियापर्यंत वापरला गेला.

उलट इराकला हो म्हणणाऱ्यांचं काय झालं तेही बघायला हवं ना. हिलरी क्लिंटन यांनी २००२ ला हो म्हटलं, आणि २००८ ला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला गेल्या तेव्हा तेच मत त्यांच्या गळ्यात आलं. समोर होते ओबामा, ज्यांनी २००२ मध्येच शिकागोच्या सभेत या युद्धाला विरोध केला होता. तेव्हा वाहवत जाऊन दिलेलं मत सेफ असतं हा गैरसमज आहे, नुसतं बिल उशिरा येतं.

युद्ध जिंकून निवडणूक जिंकता येते हेसुद्धा ठाम नाही. ब्रिटनच्या थॅचरबाईंना फॉकलंडच्या युद्धाचा फायदा झाला, १९७१ नंतर इंदिराबाईंना १९७२ च्या विधानसभांत झाला, बरोबर. पण चर्चिल १९४५ ला हरले, जपानशी लढाई अजून संपलीही नव्हती. थोरले बुश आखाती युद्धानंतर ८९ टक्के लोकप्रिय होते आणि पुढच्या वर्षी निवडणुकीत ३७ टक्के मतं घेऊन घरी गेले. आणि आपलं स्वतःचं उदाहरण विसरलात का? १९९९, कारगिल जुलैमध्ये संपलं, सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदम. वाजपेयींचं सरकार परत आलं, पण भाजपच्या देशभरातल्या जागा आधी १८२ होत्या, नंतरही १८२च राहिल्या. आपल्याकडे लोकसभेला युतीला ४८ पैकी २८, आणि त्याच मतदाराने त्याच रांगेत उभं राहून विधानसभेत युतीची सत्ता घालवली. मतदार एवढा साधा नसतो. त्याला जवानाचा अभिमानही असतो आणि घरात पाणी किती वाजता येतं हेही लक्षात असतं.

"६२ साली एकाही खासदाराने प्रश्न विचारला नाही."

हे वाक्य वाचून मला खरंच त्रास झाला, कारण हे आपल्याच संसदेबद्दल आहे आणि पूर्ण उलटं आहे.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला. अधिवेशन ताबडतोब बोलवा ही मागणी विरोधकांनी केली, त्यात तेव्हा राज्यसभेत असलेले तरुण वाजपेयी पुढे होते. नेहरूंनी अधिवेशन अलीकडे आणलं आणि ८ नोव्हेंबरला, म्हणजे लढाई चालू असताना, चर्चा सुरू झाली. लोकसभेत दीडशेहून जास्त सदस्य बोलले. बंद दाराआड बैठक घ्या अशी सूचनाही आली, ती नेहरूंनी नाकारली, म्हणाले उघड बोलू. सैन्याला बूट-कपडे का कमी पडले, रस्ते का नव्हते, चीनवर विश्वास का ठेवला, सगळं विचारलं गेलं. आणि हे सगळं विचारून झाल्यावर १४ नोव्हेंबरला, लढा कितीही लांबला तरी आक्रमकाला हाकलून देऊ, हा ठराव एकमताने झाला. म्हणजे एकमत झालं, पण प्रश्न गिळून नाही झालं. हा फरक मेसेजवाल्याने खाल्लाय.

त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबरला कृष्ण मेनन यांच्याकडून संरक्षण खातं काढून घ्यावं लागलं आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. कोणामुळे? काँग्रेसच्याच खासदारांनी नेहरूंना गाठून धरलं म्हणून. आणि हे मेनन कुठून निवडून आले होते ते आठवतंय का, उत्तर मुंबईतून, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, आचार्य कृपलानींना मोठ्या फरकाने पाडून. घरात आईवडील त्या निवडणुकीच्या गोष्टी सांगायचे, अख्खी मुंबई दोन भागांत वाटली गेली होती म्हणे. कृपलानी वर्षभर आधीपासून लोकसभेत ओरडून सांगत होते की संरक्षण खात्यात गडबड आहे. मुंबईकर जनतेचा कौल मेननच्या बाजूने पडला, आणि आठ महिन्यांत तीच जनता मेनन हटाव म्हणायला लागली. आता सांगा, जनमत फेब्रुवारीचं धरायचं की ऑक्टोबरचं?

मेनन गेले म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण सगळेच अभिमानाने म्हणतो. अहो पण सह्याद्रीला जागा झाली ती खासदारांनी प्रश्न विचारले म्हणून ना! सगळे तोंड मिटून नेहरूंच्या मागे उभे राहिले असते तर मेनन खुर्चीतच असते. आणि हरलेल्या कृपलानींनी पोटनिवडणूक जिंकून परत येऊन ऑगस्ट १९६३ ला नेहरू सरकारवर अविश्वास ठराव आणला, आपल्या लोकसभेतला पहिला. ६२ विरुद्ध ३४७ ने पडला, पण चार दिवस सरकारला उत्तरं द्यावी लागली. कृपलानी म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष. त्यांना आता कोणी देशद्रोही म्हणणार आहे का?

"मोबाइलवर पोल घ्या आणि खासदाराने तसं मत द्यावं."

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार, कारण बाकीचे मुद्दे इतिहासाचे आहेत, हा आपल्या आजच्या कामाचा आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडे खासदार युद्धावर मतच देत नाही. आपल्या राज्यघटनेत युद्ध करण्याआधी संसदेचं वोटिंग घ्या असं कुठेच नाही. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे निर्णय सरकारचा. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना गेली, संसदेत मत पडलं नाही. कारगिलच्या वेळी तर लोकसभाच नव्हती, एप्रिलमध्ये एका मताने सरकार पडून ती बरखास्त झालेली, राज्यसभेचं तरी अधिवेशन घ्या म्हणून विरोधक मागणी करत राहिले, घेतलं नाही. ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला झालं, सर्वपक्षीय बैठका झाल्या, लोकसभेत चर्चा झाली ती जुलैच्या शेवटी. मत पडतं ते एकाच ठिकाणी, कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर केली तर, तिला महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, आणि तीही साधी नाही, एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश. म्हणजे ठाण्याच्या खासदाराला टॅग करून, आणि त्यात आपण आणि ऐरोली-बेलापूरवाले एकाच मतदारसंघात आहोत हेही अनेकांना माहीत नसतं, "युद्धाला हो की नाही" विचारलंत तर त्यांच्याकडे दाबायला बटणच नाहीये.

दुसरी गोष्ट, समजा उद्या मत घ्यायचं ठरलं. व्हिप निघेल. महाराष्ट्रात २०२२ पासून व्हिप म्हणजे काय ते कोणाला समजवायची गरज उरलेली नाही. १९८५ ला राज्यघटनेत दहावं परिशिष्ट आलं, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. पैशासाठी पक्ष बदलणाऱ्यांना आवर घालायला आणलेला कायदा, पण तो सदसद्विवेकबुद्धीने नाही म्हणणाऱ्यालाही तसाच लागतो. तेव्हा पोल घेतलात, ९० टक्के लोक हो म्हणाले काय आणि ९० टक्के नाही म्हणाले काय, खासदार पक्षाचं ऐकणार. रँकिन किंवा बार्बरा ली आपल्याकडे होऊच शकत नाही असं नाही, पण तिला त्याच दिवशी सामान आवरून ठेवावं लागेल.

पक्षशिस्त किती महागात पडते त्याचं उदाहरण जर्मनी. ऑगस्ट १९१४, युद्धासाठी कर्ज मंजूर करायचंय. सगळ्यात मोठा पक्ष समाजवाद्यांचा, वर्षानुवर्षं युद्धाच्या विरोधात सभा घेणारा. पक्षाच्या बैठकीत १४ खासदारांनी विरोध केला, ७८ बाजूने. मग सभागृहात त्या चौदांनीही शिस्त म्हणून हो म्हटलं, आणि बाहेर जगाला दिसलं की सगळा जर्मनी एक आहे. त्यातला एक, कार्ल लीबक्नेख्त, डिसेंबरमध्ये दुसऱ्या कर्जाच्या वेळी एकटा नाही म्हणाला. ऑगस्टमध्ये रस्त्यावर गाणी म्हणणारी जनता १९१८ ला भुकेने रस्त्यावर उतरली.

आता खुद्द पोल. लोकांनी युद्ध ठरवावं ही कल्पना नवी नाही, आणि गंमत म्हणजे ती शांततावाद्यांची होती. अमेरिकेत लुडलो नावाच्या खासदाराने घटनादुरुस्ती सुचवली की देशावर हल्ला झाला नसेल तर युद्धाआधी सार्वमत घ्या. बहुसंख्य लोक तेव्हा याच्या बाजूने होते. जानेवारी १९३८ ला तो प्रस्ताव चर्चेला घ्यायचा की नाही यावरच वोटिंग झालं आणि २०९ विरुद्ध १८८ ने पडला. म्हणजे जनमत नेहमी युद्धाच्याच बाजूने असतं हेही चूक.

जनमत काय करतं ते मी वर्गात असं सांगायचे. हल्ला झाला की लोक झेंड्याभोवती गोळा होतात, जॉन म्युलर नावाच्या अभ्यासकाने १९७० मध्ये यावर लिहिलंय. धाकट्या बुशना ११ सप्टेंबरच्या आधी ५१ टक्के लोक पसंत करत होते, दोन आठवड्यांत ९० टक्के. दोन आठवड्यांत त्या माणसाने असं काय केलं होतं? काही नाही, लोक घाबरलेले होते, दुखावलेले होते, आणि घरात संकट आलं की आपण कर्त्या माणसाकडे बघतो तसं बघत होते. हे चांगलंच आहे, माणुसकीचं आहे. पण नेमकं त्याच दिवसांत मत मागितलं जातं. आणि मग एक चक्र सुरू होतं ते नीट बघा. खासदार म्हणतो, मी काय करू, लोकांचाच कौल आहे. लोक म्हणतात, अख्ख्या संसदेने ठरवलंय म्हणजे काहीतरी पुरावा असणारच. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि कागद कोणीच वाचत नाही. हे शब्दशः झालंय. इराकच्या वेळी गुप्तचर खात्याचा नव्वदेक पानांचा अहवाल सिनेटरांना वाचायला ठेवला होता, शंभरांपैकी जेमतेम सहा जणांनी तो पूर्ण वाचला अशा बातम्या नंतर आल्या. वाचणाऱ्यांत बॉब ग्रॅहॅम होते, गुप्तचर समितीचे अध्यक्ष, ते वाचून नाही म्हणाले. पाचच पानांचा सारांश बघून बाकीच्यांनी हात वर केला, निवडणूक महिन्यावर आली होती. ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण युद्धासाठी दिलं होतं, ती इराकमध्ये सापडलीच नाहीत.

आणि आपल्याकडे थांबण्याचं उदाहरण आहे की. ३१ मार्च १९७१ ला संसदेने पूर्व बंगालच्या लोकांना पाठिंब्याचा ठराव एकमताने केला. निर्वासितांचे लोंढे येत होते, लोक म्हणत होते आत्ताच घुसा. लष्करप्रमुख माणेकशॉ स्वतः सांगायचे की त्यांनी इंदिराबाईंना वेळ मागितला, पावसाळा तोंडावर आहे, तयारी नाही. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, तेरा दिवसांत ढाका. एप्रिल ७१ ला मोबाइलवर पोल घेतला असता तर काय निकाल आला असता ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही.

"लढाई चालू असताना प्रश्न म्हणजे जवानाच्या पाठीत खंजीर."

अब्राहम लिंकन. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना खासदार म्हणून पहिल्याच अधिवेशनात त्यांनी राष्ट्राध्यक्षांना विचारलं की आपल्या भूमीवर आपलं रक्त सांडलं म्हणता ना, मग ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. जानेवारी १८४८ ला हे युद्ध विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं या ठरावाला हो म्हटलं. लोकांनी नावं ठेवली. पण त्याच लिंकननी सैन्याच्या रसदीच्या पैशाला प्रत्येक वेळी मंजुरी दिली. जवानाचं पोट वेगळं आणि सरकारचा निर्णय वेगळा, हे त्यांना तेव्हा कळत होतं.

आणि मे १९४०. ब्रिटन हिटलरशी लढतोय, नॉर्वेत मार खाल्लाय. पार्लमेंटमध्ये दोन दिवस चर्चा, सत्ताधारी पक्षाचेच खासदार सरकारवर तुटून पडले, एक ॲडमिरल खासदार तर पूर्ण युनिफॉर्म घालून बोलायला आले. वोटिंग सरकारने जिंकलं, २८१ विरुद्ध २००, पण स्वतःचेच लोक विरोधात गेले म्हणून चेंबरलेन यांना जावं लागलं आणि १० मेला चर्चिल आले. ऐन युद्धात! प्रश्न विचारले म्हणून ब्रिटन हरला नाही, उलट नीट लढायला लागला.

खंजीर कशाला म्हणायचं ते मला शांतिसेनेवरून कळलं. आमच्या नात्यातले एक जण तिथे होते, कळव्याला घर, घरचे रोज पोस्टमनची वाट बघायचे. राजीव गांधींचे चारशेहून जास्त खासदार होते तेव्हा, कोणी कोणाला अडवलं नाही, किती दिवस, कोणाशी लढायचं, पाठवण्याआधी नीट विचारलं गेलं नाही, आणि जिथे शांतता राखायला गेले तिथे लढत बसले. सुमारे १२०० जवान गेले. मार्च १९९० ला उरलेले मद्रासला उतरले तेव्हा तिथलं जनमत एवढं फिरलेलं होतं की खुद्द मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. पाठवताना टाळ्या, परत येताना पाठ. आमचे ते नातेवाईक आता नाहीत, असते तर त्यांनाच हा मेसेज दाखवला असता.

तर टॅग करायचंच असेल तर जरूर करा, पण हो-नाही विचारू नका. २०२५ च्या जुलैअखेरीस लोकसभेत सिंदूरवर चर्चा झाली, सोळा तास ठेवले होते. तुम्ही बोललात का, काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, एवढं विचारा. लोकसभेच्या वेबसाइटवर चर्चेचा शब्दन् शब्द मिळतो. मी आज संध्याकाळी आपल्या खासदारांचं शोधायला बसणार आहे, भाजीवाल्या मावशींचा मुलगा पण येतोय, त्याला त्या साइटवर शोधता येतं पटकन. सापडलं की ग्रुपवर टाकते.